खुर्चीचं माप कुणाचं?

गेल्या लगनसराईत भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही सहा जणी दादरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. अडीच तास आम्ही बसून होतो आणि अडीच तास समोरची मुलगी उभी होती. पैठण्या, इरकली, नारायणपेठी यांच्या घड्या ती मोडत होती, पदर खांद्यावर टाकून दाखवत होती आणि मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. ‘तूपण टेक की गं जरा,’ असं माझी बहीण म्हणाली, तेव्हा ती नुसती हसली आणि तिनं छताकडे पाहिलं. तिथं कॅमेरा होता. पैसे देताना गल्ल्यावरच्या मालकांना मी विचारलं. ते अगदी सौजन्यानं म्हणाले, ‘बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी वाटतो हो, वहिनी.’ ते स्वतः बसूनच बोलत होते.

माझ्या लहानपणी साडीच्या दुकानात गादी असायची. पांढरीशुभ्र चादर, कडेला तक्के. घेणारी गादीवर आणि दाखवणाराही गादीवरच. साड्या तेव्हाही विकल्या जात होत्या आणि दुकानदारांनी तेव्हाही इमले बांधले. म्हणजे ही उभं राहण्याची सक्ती धंद्याच्या पोटातून आलेली नाही. ती काचेच्या काउंटरबरोबर आली आणि मग तिलाच शिस्त म्हणायची सवय लागली.

त्या मुलीला स्टूल हवं असतं. कुणाला दिवसातून दोनदा तान्ह्याला पाजायला वेळ हवा असतो, कुणाला अक्षर मोठं दिसणारा संगणक, कुणाला डोक्यावरची पगडी तशीच राहू द्यायची असते. या सगळ्याला आपल्याकडे ‘सवलत’ म्हणतात. माझ्या मते हा शब्दच चुकीचा आहे. का, ते मुद्देवार मांडते.

मुद्दा १ : कामाची जागा आधीच कुणाच्या तरी मापानं बेतलेली असते

शिंप्याकडे कपडा टाकला की आपण माप देतो. कारखाना, कचेरी, दुकान यांचंही माप कधी तरी कुणी तरी दिलेलं असतं. ते माप बहुतेक वेळा एका धडधाकट पुरुषाचं असतं. त्याची पाळी येत नाही, त्याला दिवस जात नाहीत, त्याचा डबा घरून कुणी तरी भरून देतं आणि त्याची मुलं कुणी तरी सांभाळतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. त्या ज्या इंजिनात चढल्या त्यात शौचालय नव्हतं. इंजिन बेतणाऱ्याच्या डोळ्यांपुढं गाडी थांबली की रुळांच्या कडेला उभा राहू शकणारा चालक होता. खरं तर त्यालाही ते सोयीचं नव्हतंच; पण त्यानं ते चालवून घेतलं.

आता उलटं उदाहरण. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. धोट्यातलं सूत तुटलं की ते तोंडानं ओढून घ्यावं लागे आणि महाराच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडी कसा लावायचा, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. विणकामात मजुरी जास्त होती, म्हणून विटाळाबरोबर पैसाही राखला जात होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला : साचेखातं सगळ्यांना खुलं करा, ही मागणीही यादीत घ्या.

या गोष्टीत ‘खास गरज’ कुणाची भागवली जात होती? विटाळ मानणाऱ्याची. त्याच्यासाठी एक आख्खं खातं बाकीच्यांना बंद ठेवलं होतं आणि त्याला कुणी सवलत म्हटलं नाही. सोय करून घेण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. ज्याच्या मापाचा सदरा असतो, त्याला तो सदरा मापाचा आहे हे जाणवत नाही, एवढंच.

मुद्दा २ : आजचा नियम हा कालचा ‘लाड’ असतो

रविवारची सुट्टी आज कुणाला सवलत वाटत नाही. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ती मागितली, तेव्हा गिरणीमालकांना ती चैन वाटली होती. त्याच मागणीपत्रात दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, काम सूर्योदयानंतर सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं ही अपेक्षा होती आणि पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या, हेही होतं. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला, असं सांगतात. देवाला जाणं आणि अंग टेकणं या दोन्ही गरजा त्या एका दिवसात होत्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. म्हणजे अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीसाठी अर्ज-विनंत्या करण्यात आणि एक वार मिळवण्यात सहा वर्षं गेली.

बाळंतपणाच्या रजेचंही तेच. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. आज केंद्राच्या कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं. ‘एवढ्यानं धंदे बुडतील’ हे वाक्य १८८४ ला होतं, १९२८ ला होतं, आजही आहे. एवढी वर्षं सतत बुडत असलेला धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मुद्दा ३ : बसण्यासाठीसुद्धा कायदा करावा लागला

ज्यांना हे लहानसं वाटेल त्यांनी केरळ आठवावं. कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसू दिलं जात नव्हतं आणि लघवीला जायलाही सहजासहजी सोडत नव्हते. बायका पाणी पीत नसत, म्हणजे जावं लागणार नाही. विजी पेनकूट्टू या स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं. सुरुवात स्वच्छतागृहाच्या मागणीपासून झाली. २०१४ च्या शेवटी त्रिशूरच्या एका दुकानातल्या बायकांनी संप केला. मलयाळममध्ये त्याचं नावच ‘बसण्याचा संप’ असं पडलं. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तसंच कलम आणलं. साडीचा धंदा दोन्ही राज्यांत जोरात आहे.

कारखान्यातल्या कामगारासाठी ही तरतूद १९४८ पासूनच आहे. कारखाना अधिनियमाचं ४४ वं कलम सांगत असे, की उभ्यानं काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा टेकता यावं अशी बैठक हवी. दुकान हे ‘कारखाना’ नसल्यामुळं दुकानातली मुलगी सत्तर वर्षं उभी राहिली. नव्या केंद्रीय कामगार संहितेत आता दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना उभ्यानं काम करणाऱ्यांची बसण्याची सोय करायला सांगितलं आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याची मुख्य बंधनं दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. आता आपल्या गावच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा आणि वीस नोकर असलेली दुकानं मोजून पाहा. एका हाताची बोटं पुरतील.

मुद्दा ४ : सोय नाकारली, की तिची किंमत शरीर मोजतं

नाकारलेल्या सोयीचा खर्च नाहीसा होत नाही. तो मालकाच्या वहीतून कामगाराच्या अंगावर जातो. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी उठतात. पाणी न पिणाऱ्या बाईला लघवीची जळजळ सुरू होते. हे सोसलं जातं आणि कुठं नोंदलंही जात नाही.

एकदा मात्र नोंदलं गेलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचं प्रमाण भयंकर असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींत एक, आणि त्यातल्या कित्येक जणी ऐन तारुण्यातल्या.

यामागची साखळी समजून घ्यायला हवी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर, काम दोघांचं. एक दिवस बाई फडात गेली नाही, तर कोयत्याचा खाडा धरला जातो आणि मुकादम त्याचा दंड उचलीत चढवतो. फडात शौचालय नाही, कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, न्हाणी नाही, पाळीत धुवायला पाणी नाही. त्यातून संसर्ग, पोटदुखी, पांढरं जाणं. तालुक्याच्या गावचा खाजगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि ‘पिशवी’ काढायला सांगतो. बाईलाही वाटतं, पाळीच गेली की खाडा गेला. ऑपरेशनच्या पैशांसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा फड.

या साखळीत एक कडी तोडायला किती लागलं असतं? महिन्याचे दोन दिवस बिनखाड्याचे, पाण्याचा एक टँकर, आडोशाचे चार पत्रे. ‘वेगळ्या गरजांसाठी काम थांबवता येत नाही’ या एका वाक्याचा हिशेब १३,८६१ पर्यंत जातो. बाईनं आपलं शरीर कामाच्या मापात कापून घेतलं, कारण काम तिच्या मापात बसवायला कुणी तयार नव्हतं.

मुद्दा ५ : सगळ्यांना सारखं म्हणजे सगळ्यांना न्याय्य नव्हे

‘आमच्याकडे सगळे सारखे’ हे वाक्य कचेरीत फार अभिमानानं बोललं जातं. जिना सगळ्यांना सारखाच असतो. पण कुबड्या घेऊन चढणाऱ्याला तो दुसराच जिना असतो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याच जागी बोट ठेवतो. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, आता एकवीस आहेत. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के झालं. पण माझ्या दृष्टीनं या कायद्यातली सर्वांत मोलाची कल्पना ‘वाजवी सोय’ ही आहे. मालकावर बेसुमार भार पडणार नाही अशा बेतानं, त्या एका माणसाला काम करता यावं म्हणून आवश्यक तो बदल करायचा. तो न करणं म्हणजे भेदभाव, असं कायदा स्पष्ट म्हणतो. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढून टाकता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही.

न्यायालयंही या वाटेनं चालली आहेत. लिहिताना हाताला पेटका येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचं अपंगत्व ठरलेल्या चाळीस टक्क्यांत बसत नव्हतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की दिसत नाही एवढ्या कारणावरून कुणाला न्यायाधीश होण्यापासून रोखता येणार नाही.

आणि खर्च म्हणाल, तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पाण्याचं पिंप फूटभर खाली ठेवायला काही लागत नाही. बैठकीची सूचना तोंडी देण्याऐवजी लिहून दिली, तर कमी ऐकू येणाऱ्याला ती पोचते आणि बाकीच्यांनाही ‘काय ठरलं होतं बरं?’ असं चार वेळा विचारावं लागत नाही.

मुद्दा ६ : ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द तपासून घ्या

गरजांची गोष्ट निदान कागदावर आली आहे. रूपाची गोष्ट मात्र अजून कुजबुजीत चालते. जाहिरातीत ‘प्रेझेंटेबल उमेदवार हवेत’ असं छापलं, की त्यात काय काय भरलं आहे ते सगळ्यांना कळतं : गोरी, सडपातळ, तरुण, डागविरहित, आणि बोलण्यात गावाचा हेल नसलेली.

एके काळी हे सारं उघड नियमांत लिहिलेलं असे. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पस्तिशीत निवृत्त व्हावं लागे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाई आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी जाई. नर्गेश मिर्झा प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाचा नियम रद्द केला, आणि तो भारतीय स्त्रीत्वाचा अपमान असल्याचं कठोर शब्दांत सांगितलं. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट त्याच निकालानं कायम ठेवली! पुढं वजन वाढलं म्हणून जमिनीवर आणलेल्या हवाईसुंदरी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २००८ मध्ये त्यांच्या पदरी निराशाच पडली.

कोड आलेल्या शिक्षिकेचं काय? भाजल्याचे व्रण असलेल्या बँकेतल्या मुलीचं काय? तिला ‘बॅक ऑफिस’ला टाकतात, तेही तिच्यावर दया म्हणून. २०१६ च्या कायद्यानं बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांना यादीत ठेवलं आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना मुद्दाम घेतलं, कारण या माणसांना कामापासून दूर ठेवतात ते बघणाऱ्यांचे डोळे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तेव्हा बोटं झडलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली. हात काम करू शकत होते. समाज त्यांच्याकडे पाहू शकत नव्हता.

‘गिऱ्हाइकाला आवडत नाही’ ही सबब तर फारच सोपी आहे. गिऱ्हाइकाला एके काळी पंगतीत दुसरी जात चालत नव्हती. गिऱ्हाइकाच्या आवडीला कायम मान तुकवली असती, तर मुंबईतली निम्मी उपाहारगृहं उघडलीच नसती.

मुद्दा ७ : दाढी, पगडी, टिकली आणि बांगड्या : तीन प्रश्न विचारा

इथं मात्र ‘ज्याला जे हवं ते’ असं म्हणून चालणार नाही. नियमाला कारण असेल तर तो पाळायलाच हवा. फिरत्या यंत्राजवळ पदर, सैल बाही, मोकळे केस नकोत. तिथं कापड अडकलं तर हात जातो. शस्त्रक्रियेच्या खोलीत अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, कारण त्यांच्याखाली जंतू राहतात. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही, हेही खरं आहे. अशा ठिकाणी श्रद्धेनं थोडं सरकून बसावं.

पण बाकीच्या वेळी मालकानं, अधिकाऱ्यानं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या गोष्टीमुळं काम खरोखर अडतं का? दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे का? आणि तोच हेतू दुसऱ्या उपायानं साधतो का? तिन्हीची उत्तरं ‘नाही, नाही, हो’ अशी आली, तर नियम फक्त सवयीवर उभा आहे.

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरात १९६७ मध्ये एक शीख बसचालक आजारपणानंतर दाढी आणि पगडीसह कामावर परतला, तर त्याला घरी पाठवण्यात आलं. बस पगडीमुळं अडत नव्हती. गणवेशाच्या नियमात पगडी नव्हती, एवढंच. दोन वर्षांच्या आंदोलनानंतर १९६९ मध्ये बंदी उठली. आपल्याकडे मोटार वाहन कायदाच पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट देतो. लष्कर आणि पोलीस यांचा प्रश्न वेगळा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवाई दलातल्या मुस्लिम जवानाची दाढी राखण्याची मागणी फेटाळली. सशस्त्र दलात एकसारखेपणालाच कामाचं मूल्य आहे, असं तिथं मानलं गेलं. या निकालाशी कुणी असहमत असू शकेल. पण तो सशस्त्र दलापुरता आहे, हे विसरून विमा कंपनीच्या व्यवस्थापकानं स्वतःला सेनापती समजू नये.

आणि एक नियम सर्वांना सारखा लावा. कचेरीत सत्यनारायणाची पूजा चालते, कपाळावरचं गंध चालतं, मंगळसूत्र चालतं आणि एकीचा डोक्यावरचा रुमाल तेवढा ‘धर्म कामाच्या ठिकाणी आणणं’ ठरतो, तेव्हा आक्षेप धर्माला नसतो, तो त्या मुलीला असतो.

मुद्दा ८ : ‘एकाला दिलं की सगळे मागतील’

मागू देत! मागितलं की देणं भाग आहे असं नाही, पण ऐकणं भाग आहे. चप्पल कुठं चावते ते पायालाच कळतं.

मुंबईत पोलिसांची बारा-बारा तासांची पाळी वर्षानुवर्षं चालत आली होती. ‘पोलिसाची नोकरी म्हणजे असंच’ हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्यानं, आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा लावता येतील याची आखणी करून ती तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढं मांडली. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढं तो इतर ठाण्यांत नेला गेला. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांसाठी आठ तासांच्या पाळीचा आदेश काढला. मंत्रालयातल्या कुठल्या समितीला जे सुचलं नव्हतं, ते ड्यूटी करून करून थकलेल्या माणसाला सुचलं, कारण त्यालाच ते जाचत होतं.

लहान दुकानदाराची अडचण मला कळते. चार नोकरांच्या दुकानात पाळणाघर मागणं वेडेपणाचं आहे. पण चार स्टुलं मागणं नाही. कायद्याच्या शब्दांतच ‘वाजवी’ आहे. ज्याची जेवढी ऐपत, तेवढी जबाबदारी.

मुद्दा ९ : सोय दरवाजाशी संपत नाही

२०१७ मध्ये कोची मेट्रोनं तेवीस तृतीयपंथी व्यक्तींना नोकरी दिली. देशभर कौतुक झालं. पण काही आठवड्यांतच त्यांच्यातल्या अनेकांनी नोकरी सोडली. कामावर त्यांना कुणी हाकललं नव्हतं. शहरात त्यांना कुणी भाड्यानं खोली देत नव्हतं, आणि लॉजचं भाडं पगारात भागत नव्हतं.

२०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यानं नोकरीत भेदभावाला मनाई केली आहे, आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तो नेमावाच. पण ओळखपत्र दिलं आणि फाटकावरच्या रखवालदारानं रोज सकाळी ‘तू कोण?’ विचारलं, स्वच्छतागृह कुठलं वापरायचं ते कुणी ठरवलंच नाही, तर ती नोकरी छायाचित्रापुरती राहते. रॅम्प बांधला आणि त्यावर मोटारसायकली लावल्या, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलं आहे. सोय ही एकदा बांधून टाकायची गोष्ट नाही. ती दिवाणखान्यासारखी रोज झाडावी लागते.

मुद्दा १० : आपलं घर हेही कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे

इथपर्यंत मालक, सरकार, अधिकारी यांच्याविषयी बोलणं सोपं होतं. आता आपल्याविषयी.

आपल्या घरी रोज सकाळी एक बाई येते. ती आपलं शौचालय घासते; पण तिला ते वापरू दिलं जातं का? तिच्यासाठी वेगळा कप आहे का, आणि तो कुठं ठेवला आहे? धोट्याच्या गोष्टीला शंभर वर्षं होत आली आणि कप मात्र अजून ओट्याच्या खालीच आहे. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण स्वयंपाकघरातल्या कपावर कुठल्याही मंडळाचा निरीक्षक येणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत रखवालदाराला खुर्ची द्यावी असा विषय मी मांडला होता. एक सभासद म्हणाले, ‘बसला की झोपेल.’ मी विचारलं, ‘तुम्ही दिवसभर कचेरीत बसता, झोपता का?’ सभा हसली, विषय पुढं ढकलला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा मांडला. आता फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे. त्यावर बसूनही तो येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहितोच.

मोठ्या मागण्या मोठ्या जागी करायच्याच : महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यात बसण्याच्या हक्काचं स्वतंत्र कलम असावं आणि ते कामगारांच्या संख्येशी बांधलेलं नसावं, ऊसतोड बायकांच्या पाळीच्या आणि गरोदरपणाच्या दिवसांचा खाडा धरणं गुन्हा ठरावं, दिव्यांग हक्क कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला करायला सांगितलेलं समान संधी धोरण दर्शनी भागात टांगलं आहे की नाही, हे कामगार खात्यानं जाऊन पाहावं. यातली एकही गोष्ट आभाळातून तारे तोडून आणण्यासारखी नाही.

आणि पुढच्या खेपेला साडी घ्यायला गेलात, तर समोरच्या मुलीला ‘बस गं’ म्हणू नका. ते तिच्या हातात नाही. ती बिचारी छताकडे पाहील. ते गल्ल्यावर बसलेल्यांना सांगा. पैसे द्यायच्या आधी सांगा.